घुम्याच्या रियाजातला खड्डा

आमच्या कोपऱ्यावरचा सलूनवाला बोलत नाही, असं मी कुणा नवख्याला सांगितलं की तो हसतो. त्याला वाटतं, म्हातारा थापा मारतोय. केस कापणारा आणि मुका? पण जाऊन बसा एकदा त्या खुर्चीत. तो तुमच्या गळ्याभोवती कापड गुंडाळेल, मान खाली दाबेल आणि मग बोलेल ती फक्त कात्री. मी त्याला महागाई चारून पाहिली, निवडणूक चारून पाहिली, समोरच्या औषधवाल्याच्या मेव्हणीचं तिसऱ्यांदा मोडलेलं लग्न तर अगदी सजवून वाढलं. उत्तर एकच, "हं." म्हणून आम्ही त्याचं नाव घुम्या ठेवलं. तोंडावरही तेच म्हणतो. त्यालाही तो "हं"च म्हणतो.

माझ्या डोक्यावर कापण्याजोगं आता फारसं उरलेलं नाही, तरी मी महिन्यातून दोनदा जातो. कारण सलूनच्या मागे घुम्याचं घर, आणि त्या घराला लागून माझं. मधल्या भिंतीतून जे ऐकू येतं त्याचा खुलासा माणसाने समोरासमोर मागावा, अशा मताचा मी आहे.

भिंतीतून ऐकू येतं ते असं. दुपारी सलूनचं शटर खाली आलं, जेवणं आटोपली, की पलीकडे सुरू होतं: धुम्. धुम्. धुम्-धुम्. धुम्. जणू कुणी लांबवर गादी झोडपतंय, पण फार विचार करून झोडपतंय.

तर घुम्या शनिवारी संध्याकाळी एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. लांब मानेची, चार जाड तारांची गिटार. बाकीची वाद्यं गातात, रडतात, नाचतात. ही खाली बसून हुंकार भरते. म्हणजे बघा, देवाने माणसाला वाद्यसुद्धा कसं मापाचं दिलं. त्यालाही "हं" म्हणण्यापलीकडे काही येत नाही.

कित्येक वर्षं मी भिंतीला कान लावून हे कुठलं गाणं आहे ते ओळखायचा प्रयत्न केला. नाही जमलं. नुसता बेस ऐकून गाणं ओळखणं म्हणजे नुसत्या चपला बघून पाहुणा ओळखणं. एकदा मी पैजेवर सांगितलं की हे विरहाचं गाणं आहे, तर निघालं ते लोकांना नाचवायला शेवटी वाजवतात ते. तेव्हापासून मी गप्प. म्हणजे त्या विषयावर.

एक दिवस वाटीभर साखरेच्या निमित्ताने मी दुपारीच त्यांच्या घरात शिरलो आणि रियाज डोळ्यांनी पाहिला. घुम्या स्टुलावर बसलेला, डोळे मिटलेले, आणि गिटारचं शिंगासारखं पुढे आलेलं लाकडी टोक समोरच्या कपाटाला टेकवलेलं. वाटलं, आता हा कपाटाला मिठी मारणार.

"हे काय?" मी त्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणजे त्याचं तोंड. त्याच्या वाटचंही तीच बोलते आणि स्वतःच्या वाटचं तर बोलतेच.

"स्पीकर घरात आणायचा नाही ही माझी अट," ती म्हणाली. "स्पीकरशिवाय हे वाद्य डासासारखं वाजतं. म्हणून लाकडाला टेकवायचं. लाकूड घुमतं. सगळे बेसवाले करतात म्हणे, कोणी दाराला लावतं, कोणी पलंगाला."

"आणि इतकं सावकाश का?"

"ते म्हणतात, भरभर वाजवलं की चूक निसटून पळते. हळू वाजवलं की सापडते." मग तिने आवाज खाली आणला. "माझ्याशी लग्न ठरवतानाही एवढाच वेळ लावला होता, काका."

बाकीचे वादक वेग वाढवायला रियाज करतात, हा वेग उतरवायला करायचा. चार सूर घ्यायचे आणि ते इतके सावकाश वाजवायचे की दोन सुरांच्या मध्ये आपण चहा गाळून यावं. डाव्या हाताने तार दाबायची आणि उजव्याच्या दोन बोटांनी आळीपाळीने छेडायची, पहिलं बोट आणि मधलं, आणि दोघांचा आवाज एकसारखा यायला हवा. कोण कोणतं ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. सलूनमध्येही त्याचं हे चालूच असे. डाव्या हाताने गिऱ्हाइकाचं डोकं धरलेलं असायचं आणि बोटं टाळूवर हळूच सरकत, दाबत असायची. आमच्या आळीतल्या निम्म्या पुरुषांच्या डोक्यांवर त्या बँडची सगळी गाणी वाजून झाली आहेत. आम्ही समजत होतो, मालिश आहे.

आता ते कपाट. कपाट त्याच्या सासूबाईंचं. सासरे गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या तेव्हा त्या आणि कपाट एकाच टेम्पोतून उतरले, आणि कपाट आधी उतरलं. त्यात त्यांचा कपबश्यांचा सेट. त्या कपांतून आजवर कुणी चहा प्यायलेला नाही. इतका चांगला पाहुणा अजून यायचा आहे. दुपारी सासूबाई कपाटालगतच्या खोलीत पडायच्या, आणि घुम्या कपाटाला टेकायचा. जावई आणि सासू यांच्यामध्ये एवढीच काय ती जवळीक.

इथवर सगळं ठीक होतं. मग ते रेकॉर्डिंग आलं.

झालं असं, की गावाबाहेरच्या मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने बँडच्या मास्तरांना सांगितलं, आधी तुमचं वाजवणं पाठवा, ऐकतो, मग हंगामभराचं काम देतो. मास्तर म्हणजे बँडचे मालक, ट्रम्पेट वाजवतात, आणि फुंकून फुंकून त्यांचे गाल असे झाले आहेत की रागावले नसले तरी रागावलेले दिसतात. त्यांनी एका रेकॉर्डिंगवाल्याला गाठलं. त्याची खोली एवढीशी की सगळा बँड एकदम मावेना. म्हणून एकेकाला आत घेऊन वेगवेगळं वाजवून घेतलं. आजवर घुम्याला कोणी एकट्याला ऐकलंच नव्हतं. माझ्याशिवाय, पण मला कोण विचारतो!

रेकॉर्डिंगवाला पडद्याकडे बघत म्हणाला, "इथे खड्डा आहे."

"कसला खड्डा?" मास्तर म्हणाले.

"बेस मध्येच नाहीसा होतो. ही रेघ बघा. इथे चपटी. इथेही चपटी. मला सूर कळत नाहीत, रेघा कळतात."

मास्तरांनी ऐकलं. खरंच! धुम्, धुम्, आणि मध्येच काहीच नाही, जिना उतरताना एक पायरी कुणी काढून ठेवावी तसं. दुसरं गाणं लावलं, तर तिथे खड्डा शेवटाला. तिसऱ्यात सुरुवातीलाच. चौथ्या गाण्यात अजिबात नाही, सगळं सपाट, गुळगुळीत. आता या गोंधळाला काय म्हणायचं? चूक असेल तर चुकीला निदान काही पत्ता हवा!

"तू मध्येच थांबतोस का रे?" मास्तरांनी विचारलं.

घुम्या म्हणाला, "नाही." मास्तर दचकले. त्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच "हं" सोडून दुसरा शब्द ऐकत होते.

मग जो तो वैद्य झाला. ड्रमवाला दिवसा पत्र्याच्या पेट्या ठोकतो. त्याच्या मते वायर सैल होती. वायर बदलली. मास्तरांच्या मते वाद्यच कुठेतरी मेलेलं असणार. त्यांनी गिटार हातात घेऊन वरपासून खालपर्यंत एकेक सूर छेडला, सगळे ठणठणीत. गाणाऱ्या बाई म्हणाल्या, वय. घुम्या तेव्हा बेचाळीस वर्षांचाही नव्हता, आणि बाईंचं वय बाईंना सोडून सगळ्यांना माहीत आहे. बायकोने त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने दोन्ही कानांतून मळ काढला. त्याने एवढंच झालं, की आता रेकॉर्डिंगमधला खड्डा घुम्यालाही ऐकू यायला लागला.

तेव्हा माणूस खरा हादरला. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि स्वतःच्या हाताकडे बघायचा. शेजाऱ्याचं मूल आपल्या घरात सापडल्यावर बघावं, तसा. वाजवताना मात्र सूर त्याला पूर्ण ऐकू येत होता, छातीत जाणवत होता. मग तो जात कुठे होता?

मास्तरांनी निरोप धाडला: पुन्हा रेकॉर्डिंग आहे, या वेळी सभागृहात, सगळे एकत्र. खड्डा राहिला तर बेसचं काम भाचा करेल. भाचा म्हणजे मास्तरांचा भाचा, बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो आणि त्याचा डावा हात तसाही रिकामाच असतो. डावा हात! इतक्या वर्षांच्या माणसाच्या जागी दुसऱ्याचा डावा हात!

घुम्याची बायको माझ्याकडे आली ती डोळे पुसतच. "काका, बँड सुटला तर काय करू मी? आठवडाभर हा माणूस शनिवारकडे बघून जगतो. शनिवारी घरी येतो तेव्हा त्याचा चेहरा असा असतो, जसं काही खूप बोलून आलाय. आणि खरं सांगू? आता निदान एक संध्याकाळ तरी तो बाहेर जाऊन गप्प बसतो. सातही दिवस घरात गप्प बसला तर मी वेडी होईन."

मी म्हटलं, "त्याला सांग, अजून हळू वाजव."

"अजून हळू वाजवलं तर थांबलेलाच असेल की!"

आणि घुम्या खरंच तेच करत होता. सलून लवकर बंद, जेवण अर्धवट, आणि कपाटाला टेकून धुम्... धुम्... प्रत्येक सूर जणू सोनाराच्या ताजव्यातून. भिंतीपलीकडे मलासुद्धा श्वास कधी घ्यावा ते कळेना. चूक काही सापडेना.

सापडली ती अशी. सासूबाईंच्या मनात आलं की कपबश्या धुऊन ठेवाव्यात. न वापरलेल्या वस्तूसुद्धा मळतात म्हणे. बायकोने सगळा सेट काढून ओट्यावर नेला, कपाट रिकामं. घुम्या वाजवत होता. ती ओल्या हातांनी दारात उभी राहून बघत होती. पुढचं मी भिंतीला कान लावून ऐकलं, तेव्हा शब्द न् शब्द खरा.

"आता कुणाला घाबरताय?" ती म्हणाली. "कपाट रिकामं आहे."

"हं?"

"तो सूर आला की बोट उचलता ना तुम्ही. आज कप नाहीत आत. वाजवा की बिनधास्त."

धुम् थांबलं. "कोणतं बोट?"

"अहो, डाव्या हाताचं. तो एक सूर नाही का, ज्याने कपबश्या किणकिणल्या आणि आई आतून ओरडली होती? तो आला की तुम्ही असं... नुसतं शिवून सोडून देता. तेव्हापासून."

मग घुम्याचा आवाज, अगदी बारीक. "मी?"

"मग काय मी? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, आईसाठी मुद्दाम करता!"

सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "मी एकदाच बोलले होते हो, जावईबापू. आल्या आल्याच. म्हटलं होतं, कपांना धक्का लागतो. एकदाच!"

एकदाच! आमच्या घरात मी हजारदा सांगितलेली गोष्ट कोणाच्या कानात शिरत नाही, आणि या बाईंनी एकदा सांगितलं ते जावयाच्या बोटांत जाऊन बसलं. त्याच्या कानांना पत्ता नाही, डोक्याला पत्ता नाही. ज्या ज्या गाण्यात तो सूर येईल, तिथे तिथे बोट आपोआप वर. म्हणून खड्ड्याला पत्ता नव्हता. प्रत्येक गाण्यात त्या सुराची जागा वेगळी. त्याने तोच सूर दुसऱ्या तारेवर, दुसऱ्या जागी वाजवून पाहिला. बोट तिथेही उचललं जाई. जागेला नव्हे, सुराला घाबरलेलं बोट ते!

नंतरच्या खेपेला मी मुद्दाम सलूनमध्ये जाऊन बसलो आणि टाळूवर लक्ष ठेवलं. दाब, दाब, दाब, आणि मध्येच एक नुसता स्पर्श. इतकी वर्षं तो खड्डा माझ्या डोक्यावर होता आणि मी त्याला मालिशमधला आराम समजत होतो.

मग घुम्याने काय केलं असेल? त्याने त्या एका सुराचा रियाज सुरू केला. फक्त तोच. धुम्. धुम्. धुम्. कपबश्या परत आत गेल्या होत्या आणि पलीकडून किण्, किण्, किण्. सासूबाई उठून बसल्या.

"जावईबापू, माझे कप!"

धुम्. किण्.

"ऐकू येतंय का? अगं, कान साफ केलेत ना याचे?"

"आई, त्याची नोकरी आहे ती," लेक म्हणाली. नोकरी नव्हती, पण मी काही भिंतीतून दुरुस्ती सांगायला गेलो नाही.

शेवटी सासूबाईंनी प्रत्येक बशीखाली फडकं घातलं आणि कानात कापूस घालून झोपल्या. घुम्याचं बोट मात्र अजून उचलायचं. त्याने बायकोला समोर बसवलं: उचललं की चिमटा काढ. तिने मनापासून चिमटे काढले. लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी अधिकृत संधी. रेकॉर्डिंगचा दिवस आला तेव्हा त्याचा दंड निळा होता आणि सूर पक्का.

सभागृहात मी गेलो, न बोलावता. घुम्याची बायको माझ्या शेजारी बसली, ओठ घट्ट मिटून. पहिलं गाणं सुरू झालं. घुम्या ताठ उभा होता, आणि तो सूर आला. धुम्! भरीव, गोल, खुर्चीच्या पायातून वर येणारा. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि त्याच क्षणी ड्रमवाल्याची काठी निसटली आणि गाणाऱ्या बाई ओळीच्या मध्येच खोकल्या.

"थांबा!" मास्तर. "कोण चुकलं?"

"मी नेहमीसारखंच वाजवलं," ड्रमवाला म्हणाला. "इथे मी पायाने एक जास्तीचा ठोका देतो. नेहमीचाच. पण आज तिथे आधीच कोणीतरी बसलं होतं!"

"मी इथे श्वास घेते," बाई म्हणाल्या. "इथे जागा असते. आज जागाच नव्हती. धक्का बसला मला!"

सगळे घुम्याकडे वळले. तो म्हणाला, "मी चुकलो नाही. आज पहिल्यांदाच."

मास्तरांचे गाल फुगले. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. इतकी वर्षं तो खड्डा होता, आणि नकळत सगळ्या बँडने त्यात आपापलं सामान ठेवलं होतं: याने ठोका, तिने श्वास. मास्तरांनाही नंतर कळलं की ते स्वतः ट्रम्पेट तिथेच ओठांवरून खाली घेतात. मास्तरांनी हुकूम सोडला, ड्रमवाल्याने ठोका सोडायचा, बाईंनी श्वास पुढे घ्यायचा. ड्रमवाला ठोका सोडण्याकडे इतकं लक्ष देऊ लागला की बाकीचे ठोके सुटले. बाई पुढे श्वास घेईपर्यंत लाल झाल्या.

"ठीक आहे," मास्तर म्हणाले, "भाच्या, तू बघ."

घुम्याने गिटार खाली ठेवली. त्याच्या बायकोने माझं मनगट इतकं आवळलं की मला दंडाच्या चिमट्यांची कल्पना आली. भाच्याने डाव्या हाताने बेस वाजवला. शिकलेला मुलगा, प्रत्येक सूर नीट, तो सूरही नीट. म्हणजे तोच गोंधळ. बाई पुन्हा खोकल्या. भाच्याला म्हटलं, तो सूर सोड. त्याने सोडला, तर ते भोक वाटलं, खड्डा वाटेना. का ते विचारू नका. मी तिथे होतो, आणि मलाही सांगता येणार नाही.

मास्तर कपाळ धरून बसले. मग घुम्याकडे बघून म्हणाले, "तू जसं आधी वाजवायचास, तसं वाजव."

"कसं?" घुम्या म्हणाला.

"अरे, तुझं तूच! तो सूर... नुसता शिवून सोड!"

घुम्याने गिटार उचलली. वाजवलं. सूर आला, त्याने बोट उचललं, पण ठरवून; आणि ठरवण्यात क्षणभर उशीर झाला. पुन्हा. आता फारच लवकर. पुन्हा. आता अर्धवट, ना धड सूर ना धड खड्डा. जे त्याला वर्षानुवर्षं न कळता जमत होतं, ते कळल्यावर जमेना. ज्या बोटाला चिमटे काढून काढून धीट केलं, त्याला आता घाबर म्हणून सांगायचं कसं?

शेवटी तीच अर्धवट गाणी रेकॉर्ड झाली. मास्तरांनी ती मॅनेजरला पाठवली ती देवाचं नाव घेऊन.

मॅनेजरचं उत्तर चटकन आलं. गाणी आवडली, हंगाम तुमचा. फक्त एक शंका: बँडमध्ये बेस का नाही? मास्तर धावत गेले, तर कळलं की साहेबांनी सगळं मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकलं होतं. त्यातून बेस येतच नाही. खड्डाही नाही, सूरही नाही, घुम्याच नाही. "बेसवाला ठेवा हो एखादा," मॅनेजर म्हणाला, "हॉलमध्ये शोभून दिसतो."

अशी घुम्याची जागा राहिली. मास्तरांनी त्याला बोलावून सांगितलं, तू आहेस, कायमचा. भाच्याचा हात आता त्याच्याच खिशात राहील. घुम्याच्या बायकोने मला चहा पाजला. साध्याच कपातून.

पण घुम्या? त्याने विचारलं, "मग तो सूर वाजवायचा की नाही?" मास्तर म्हणाले, "बघ तुझं तू." झालं. असं उत्तर रियाज करणाऱ्या माणसाला द्यावं का? तेव्हापासून तो दोन्हींचा रियाज करतो, एक दिवस सूर भरून, एक दिवस सूर सोडून. कुठला दिवस कुठला हे त्याला तरी आठवतं की नाही, देव जाणे, कारण परवा एका दुपारी मी ऐकलं. एक धुम् भरीव आलं, एक नुसतं शिवून गेलं, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

आतून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आज काय आहे? वाजवायचा वार की न वाजवायचा? त्याप्रमाणे कापूस घालते."

हल्ली घुम्या पूर्वीपेक्षा जास्त बोलतो.

"सासूबाई," तो म्हणाला, "तुम्हीच सांगा."